‘तेच’ म्हणजे नेमकं काय? सॉफ्टवेअरच्या बांधणीविषयी एक चिकित्सा

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर आज सॉफ्टवेअरवर काय बोलणार, अशी शंका काही चेहऱ्यांवर दिसते आहे. ती रास्त आहे. आम्हाला प्रोग्रॅम लिहिता येत नाही. पण एक निबंध आणि एक व्याख्या गेले वर्षभर आम्ही वाचतो आहोत, आणि निबंधाची चिकित्सा करणं हा तर आमचा जन्मभराचा धंदा. तेव्हा आज तेवढंच करू.

सुरुवात आमच्या फजितीपासून करतो. काही वर्षांपूर्वी अनुमानविचारावरचं आमचं एक पुस्तक छापून आलं. अक्षरजुळणी आम्ही स्वतःच लाटेक नावाच्या प्रणालीत केली होती, त्याचा थोडा अभिमानही होता. पुस्तक हातात आलं, शेवटची सूची उघडली, ‘उपाधि’ हा शब्द पाहिला, दिलेलं पान काढलं, तर तिथे उपाधीचा पत्ताच नाही. पृष्ठ ८४ नंतरचा सूचीतला प्रत्येक आकडा दोनने चुकलेला. झालं असं होतं, की शेवटच्या प्रुफात आम्ही एक लांब तळटीप वाढवली. मजकूर पुन्हा जुळवला, पण सूची पुन्हा काढली नाही. नव्या मजकुराला जुनी सूची चिकटली. मजकूर आपल्या जागी बरोबर होता, सूचीही तयार झाली त्या दिवशी बरोबर होती. चूक होती ती दोघांच्या संबंधात. आणि यंत्राने एका शब्दानेही हटकलं नाही.

आमची एक जुनी विद्यार्थिनी डेबियन या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात स्वयंसेवक म्हणून काम करते. तिला हे सांगितलं तर ती हसली. म्हणाली, “सर, तुमचं बिल्ड इनकन्सिस्टंट झालं. आमच्याकडे हे रोजचं आहे.” त्या वाक्याने आम्ही या विषयात ओढले गेलो.

बिल्ड म्हणजे काय, ते आधी सरळ सांगतो. माणूस प्रोग्रॅम लिहितो तो वाचता येणाऱ्या भाषेत. तो झाला सोर्स. यंत्र चालवतं ते बायनरी, म्हणजे शून्य आणि एक. सोर्सपासून बायनरीपर्यंत नेण्याची जी सगळी खटपट, ती बिल्ड. आपण तिला बांधणी म्हणू. मोठ्या प्रकल्पात हजारो फाइली असतात. कोणती कशातून तयार होते, कोणती आधी, कोणती नंतर, हे सगळं कुठेतरी लिहून ठेवावं लागतं. ते लिहिण्याची आणि पाळण्याची व्यवस्था म्हणजे बिल्ड सिस्टिम.

या व्यवस्थेचा मूळपुरुष आहे ‘मेक’ हा प्रोग्रॅम. बेल लॅब्जमध्ये १९७६ साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी तो लिहिला. त्याची जन्मकथा आमच्या सूचीसारखीच आहे. स्टीव्ह जॉन्सन, म्हणजे ‘याक’ या प्रसिद्ध साधनाचे कर्ते, फेल्डमन यांच्याकडे चडफडत आले. एका प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात त्यांची अख्खी सकाळ गेली होती. चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती, पण दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल व्हायची राहिली होती. म्हणजे सोर्स निर्दोष, बायनरी शिळी. मेकने यावर उपाय काढला तो असा: प्रत्येक गोष्ट कशावर अवलंबून आहे ते लिहा. मूळ फाइलची वेळ तयार मालाच्या वेळेनंतरची असेल, तर माल पुन्हा तयार करा. इतकं साधं. २००३ साली एसीएम या संस्थेने फेल्डमन यांना याबद्दल पुरस्कार दिला.

या मेकची एक खोड सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्याच्या फाइलीत आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते, स्पेस दिली तर चालत नाही. ही अडचण फेल्डमन यांना पहिल्या काही आठवड्यांतच कळली होती. पण तोवर वापरणारे डझनभर लोक झाले होते, आणि त्यांना त्रास नको म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. त्या डझनभरांची सोय पुढे जगभरच्या प्रोग्रॅमरांची गैरसोय झाली. (हशा) रूढी कशी जन्माला येते याचा इतका स्वच्छ पुरावा आमच्या नीतिशास्त्राच्या तासाला आम्हाला कधी मिळाला नाही.

आता निबंधाकडे. पीटर मिलर हे ऑस्ट्रेलियातले प्रोग्रॅमर. त्यांनी १९९७ च्या सुमारास एक निबंध लिहिला. शीर्षकाचा मराठीत आशय असा, की मेकचा पुनरावर्ती वापर घातक आहे. या क्षेत्रात तो अजूनही वाचला जातो, आणि वाचावाच असा आहे. त्या काळी मोठ्या प्रकल्पांची पद्धत अशी होती, की प्रत्येक फोल्डरमध्ये स्वतंत्र मेकफाइल. वरचा मेक एकेका फोल्डरमध्ये उतरतो, तिथे नवा मेक सुरू करतो, तो आपलं काम करून परत येतो. घराघरांत वेगळी चूल, म्हणा ना.

मिलर यांचं म्हणणं असं: अवलंबित्वाचा आलेख हा एक असतो, आणि तुम्ही त्याचे तुकडे करता. प्रत्येक मेकला फक्त आपला तुकडा दिसतो. त्यांचं उदाहरण मुंगी आणि मधमाशी या नावांच्या दोन फोल्डरांचं आहे. मुंगीतली एक फाइल मधमाशीत तयार होणाऱ्या फाइलवर अवलंबून. पण मेक आधी मुंगीत उतरतो. तिथे त्याला मधमाशीतली जुनी फाइल दिसते आणि तो म्हणतो, सगळं ठीक आहे. मग मधमाशीत नवी फाइल तयार होते. मुंगी जुन्यावर बांधलेली, मधमाशी नवी. म्हणजे आमची सूची!

यावर लोक काय करतात, तेही मिलर नोंदवतात. कोणी फोल्डरांचा क्रम बदलून पाहतो, कोणी दोनदा-तीनदा बांधणी करतो, कोणी सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. लाटेक वापरणारे इथे असतील त्यांना हे ओळखीचं वाटेल. ‘अजून एकदा चालवून बघ’ हा आमचाही मंत्र होता. मिलर यांचा निर्णय असा, की ही मेकची चूक नाही. मेकला अर्धवट माहिती दिली तर तो अर्धवट उत्तर देणारच. उपाय म्हणजे एकच मेक, एकच आलेख. फोल्डरांत बारीक तुकडे लिहा हवे तर, पण ते सगळे एकत्र वाचले जाऊ देत.

निदान म्हणून हा निबंध उत्तम आहे. ज्ञान अपुरं असताना निष्कर्ष मात्र निश्चयाने काढला जातो, हा दोष त्यांनी अचूक पकडला आहे. पण दोन ठिकाणी आमचं त्यांच्याशी जमत नाही.

पहिली जागा. मिलर यांच्या मांडणीत सुसंगती हा आलेखाचा गुण आहे. आलेख पूर्ण असला की काम झालं. पण मोठ्या प्रकल्पात आलेख पूर्ण ठेवायचा कोणी? लिनक्स कर्नलचं उदाहरण घ्या. तिथे आजही मेक फोल्डराफोल्डरांत उतरतो. म्हणजे मिलर यांच्या दृष्टीने पापच. तरी हजारो लोक बदल करत असताना ती बांधणी टिकून आहे. का? आमच्या विद्यार्थिनीने आम्हाला तिथल्या फाइली दाखवल्या. फोल्डरातल्या मेकफाइलीत बहुतेक वेळा नियम नसतातच, असते ती यादी: हा पर्याय निवडला असेल तर ही फाइल घ्या. कसं बांधायचं याचे नियम एका मध्यवर्ती जागी आहेत, आणि ते थोडी माणसं जिवापाड सांभाळतात. शिवाय ती व्यवस्था फक्त वेळ बघत नाही. मागच्या खेपेस कोणत्या आज्ञेने बांधलं होतं ती आज्ञासुद्धा जपून ठेवते, आणि आज्ञा बदलली तर पुन्हा बांधते. म्हणजे ‘हे कशावर अवलंबून आहे’ या प्रश्नाची व्याप्तीच तिने वाढवली. सोर्सवर तर आहेच, पण आज्ञेवरही आहे.

याचा अर्थ असा, की सुसंगती टिकवण्यासाठी आलेख लागतोच, शिवाय कामाची वाटणीही लागते. शंभर माणसांना शंभर प्रकारे लिहू द्याल तर एक आलेख असूनही गोंधळ होईल. केडीई या मोठ्या प्रकल्पाने हा अनुभव घेतला. त्यांच्या जुन्या बांधणीची यंत्रणा इतकी गुंतागुंतीची झाली, की ती समजणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरली. मग एस्कॉन्स नावाची व्यवस्था त्यांनी करून पाहिली, ती जमली नाही, आणि २००६ मध्ये ते सीमेककडे वळले. तंत्राच्या तक्रारी होत्याच, पण मुळाशी तक्रार अशी, की आम्ही रोज जी बांधणी करतो ती आम्हाला वाचता येत नाही. हा शब्द लक्षात ठेवा, वाचता येत नाही. त्याच्याकडे परत येऊ.

दुसरी जागा अधिक खोल आहे. आलेख पूर्ण आहे हे कळणार कसं? मिलर यांच्याकडे याला कसोटी नाही. ती कसोटी पुढच्या पिढीने दिली. तीच आमची आजची व्याख्या.

टॉर आणि बिटकॉइन या प्रकल्पांनी आधी वाट काढली, आणि २०१३ पासून डेबियनमध्ये हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. त्याला रिप्रोड्युसिबल बिल्ड्स म्हणतात. व्याख्या अशी: सोर्स तोच, बांधणीचं वातावरण तेच आणि सूचना त्याच असतील, तर कोणीही बांधलं तरी बिट अन् बिट तीच बायनरी निघाली पाहिजे. डेबियनमध्ये तीसेक हजार सोर्स पॅकेजेस आहेत. त्यांनी एकेक पॅकेज दोनदा बांधायला सुरुवात केली. दुसऱ्या खेपेस मुद्दाम घड्याळ वेगळं, फोल्डर वेगळं, भाषा वेगळी. मग दोन फळं शेजारी ठेवून फरक शोधायचा.

फरक कसले निघाले, ते ऐकण्यासारखं आहे. बांधणीची तारीख आणि वेळ प्रोग्रॅममध्येच कोरलेली. बांधणाऱ्याच्या फोल्डरचा पत्ता आत उमटलेला. डिस्कने फाइली ज्या क्रमाने दिल्या त्याच क्रमाने जोडलेल्या, आणि तो क्रम यंत्रागणिक वेगळा. भाषा बदलली की अकारविल्हे क्रम बदलतो. संगणकाची भाषा मराठी ठेवली तर तारखेतलं महिन्याचं नाव मराठीत उमटतं, आणि पुण्यात बांधलेलं बर्लिनमध्ये बांधलेल्याशी जुळत नाही. यातल्या तारखेसाठी त्यांनी २०१५ मध्ये एक साधा संकेत ठरवला: बांधणारा यंत्राच्या घड्याळाकडे बघणार नाही, सोर्सबरोबर ठरवून दिलेली वेळ वापरेल. आणि २०१७ मध्ये डेबियनच्या धोरणपत्रात कलम आलं, की पॅकेजेस अशी पुन्हा बांधता येण्याजोगी असावीत.

हे काम किती कंटाळवाणं असेल, कल्पना करा. हजारो पॅकेजेसमधून एकेक तारीख वेचून काढायची. कोणी टाळ्या वाजवत नाही. आमच्या दृष्टीने यात मोठी तात्त्विक झेप आहे. न्यायात प्रश्न विचारतात, ज्ञान खरं आहे हे कळतं कशावरून? मीमांसक म्हणतो, ज्ञान स्वतःच प्रमाण, दोष दाखवला जाईपर्यंत ते खरंच धरायचं. नैयायिक म्हणतो, नाही, प्रामाण्य बाहेरून कळतं, संवादाने कळतं. संवाद म्हणजे इथे जुळणं. डेबियनवाले पक्के नैयायिक आहेत. ‘आमच्या सर्व्हरवर बांधलं आहे, विश्वास ठेवा’ असं ते म्हणत नाहीत. ते म्हणतात, तुम्ही बांधा आणि जुळवून बघा.

आता आमचा आक्षेप. व्याख्येत पहिला शब्द आहे, ‘सोर्स तोच’. तोच म्हणजे कोणता?

२९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरांनी एक गोष्ट जाहीर केली. दुरून लॉग-इन करताना अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा शोध घेताना ते एक्सझेड या फाइली आवळण्याच्या साधनापर्यंत पोहोचले. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा होता. तो कुठे ठेवला होता, हे आपल्या विषयाचं मर्म आहे. वाचता येणाऱ्या प्रोग्रॅमच्या मजकुरात तो नव्हताच. चाचणीसाठी ठेवलेल्या, मुद्दाम बिघडवलेल्या म्हणून दाखवलेल्या फाइलींत माल दडवला होता, आणि तो बाहेर काढून जोडण्याचं काम करत होती बांधणीची स्क्रिप्ट. ती स्क्रिप्टही अशी, की सर्वांसमोर असलेल्या गिट भांडारात तिची दूषित प्रत नव्हती. ती होती फक्त प्रकाशनासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात, म्हणजे टारबॉलमध्ये. इतकंच नाही, विशिष्ट प्रकारच्या लिनक्स यंत्रावर डेबियन किंवा आरपीएमचं पॅकेज बांधलं जात असेल तरच ती जागी व्हायची. घरी सहज बांधून बघणाऱ्याला सगळं स्वच्छ दिसणार.

आता त्या गठ्ठ्याला आपली व्याख्या लावा. सोर्स तोच गठ्ठा, वातावरण तेच, सूचना त्याच. दहा जणांनी बांधलं तर दहाही ठिकाणी चोरदरवाजा हुबेहूब निघणार. जुळणी शंभर टक्के, आणि विष सगळीकडे सारखं.

आमच्या पुण्याच्या भांडारकर संस्थेतलं एक काम इथे आठवतं. महाभारताची चिकित्सक आवृत्ती. आदिपर्व १९३३ साली पुरं झालं, सगळं काम १९६६ मध्ये. विष्णु सुकथनकरांनी पाठ ठरवताना हस्तलिखितांची नुसती संख्या मोजली नाही. पन्नास पोथ्यांत एकच पाठ असेल, पण त्या पन्नासही एकाच पोथीवरून उतरवल्या असतील, तर तो साक्षीदार एकच. उलट उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची परंपरा एकमेकींपासून स्वतंत्र असूनही एका पाठावर जुळल्या, तर तो पाठ जुना मानायला भक्कम आधार मिळतो. जुळण्याला किंमत येते ती स्वतंत्र वंशामुळे. डेबियनच्या व्याख्येत बांधणारे स्वतंत्र आहेत, पोथी मात्र एकच. त्यामुळे बांधणारा लबाड असेल तर तो सापडतो. पोथीच दूषित असेल तर सापडत नाही.

म्हणून ही व्याख्या चुकीची आहे का? नाही. ती अपुरी आहे, आणि तिच्यावाचून पुढचं पाऊलही टाकता येत नाही. १९८३ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात केन थॉम्पसन यांनी दाखवलं होतं, की कंपायलर स्वतःच दूषित असेल तर स्वच्छ सोर्समधूनही दूषित बायनरी निघेल, आणि कंपायलर पुन्हा बांधला तरी दोष पुढच्या पिढीत उतरेल. कंपायलर तपासायला कंपायलर, तो तपासायला आणखी एक. ही अनवस्था. नैयायिकावर मीमांसक हाच आक्षेप घेतो. त्यावर डेव्हिड व्हीलर यांनी जे उत्तर दिलं ते सुकथनकरांना आवडलं असतं: दुसऱ्या वंशाच्या कंपायलरने तोच सोर्स बांधा, निघालेल्या कंपायलरने तो पुन्हा बांधा, आणि फळ मूळच्याशी जुळवा. पण ही जुळणी शक्य होते केव्हा? बांधणीतून तारखा, पत्ते आणि क्रम यांचा कचरा निघालेला असेल तेव्हाच. ग्विक्स प्रकल्पाने तर २०२३ मध्ये अवघ्या ३५७ बाइटांच्या बीजापासून पुढची सगळी साखळी सोर्समधून बांधून दाखवली. अनवस्था संपली नाही, पण जिथे थांबायचं ती जागा माणसाला वाचून तपासता येईल इतकी लहान झाली.

वाचता येईल इतकी. मघाशी हा शब्द लक्षात ठेवायला सांगितला होता. गिट भांडार आणि प्रकाशनाचा गठ्ठा यांत फरक असणं, हे एक्सझेडमध्ये कोणाला का खटकलं नाही? कारण तो फरक रूढ होता. ऑटोकॉन्फ नावाच्या व्यवस्थेत बांधणीच्या हजारो ओळींच्या स्क्रिप्टा यंत्राकडून तयार करून गठ्ठ्यात घालायची जुनी पद्धत आहे. सोय म्हणून सुरू झालेली, त्या टॅबसारखीच. त्या ओळी कोणी वाचत नाही, वाचाव्यात अशी अपेक्षाही नाही. लपायचं असेल तर यापेक्षा बरी जागा कुठली?

तेव्हा आमचा निष्कर्ष एवढाच. मिलर सुसंगती आलेखात शोधतात, डेबियनवाले फळांच्या जुळणीत शोधतात. दोन्ही हवंच. पण दोन्हींच्या आधी एक अट आहे: बांधणीचा मजकूर हाही ग्रंथाचाच भाग मानला पाहिजे, आणि तो माणसाने वाचण्याजोगा ठेवला पाहिजे. आम्ही सूचीला पुस्तक मानलं नव्हतं, परिशिष्ट मानलं होतं. म्हणून ती कोणी तपासली नाही. आम्हीसुद्धा नाही.

(श्रोत्यांतून एका बाईंनी विचारलं: “सर, पण हे वाचायला वेळ कोणाकडे आहे? हे सगळे लोक फुकट काम करतात ना?”)

ताई, खरा प्रश्न तुम्ही विचारलात. एक्सझेड बराच काळ एकच माणूस सांभाळत होता, फावल्या वेळात, आणि थकलेला होता. त्याच्याकडे मदतनीस म्हणून आला, त्याने दोनेक वर्षं निमूट काम करून विश्वास मिळवला आणि मग घात केला. म्हणजे ज्या जागी वाचणारा दुसरा माणूस हवा होता, तिथे नेमका तोच येऊन बसला. यावर तांत्रिक उत्तर आमच्याकडे नाही. आमच्या विद्यार्थिनीने मात्र स्वतःपुरतं एक ठरवलं आहे. ती जी चार पॅकेजेस सांभाळते, त्यांचा गठ्ठा आणि गिट भांडार ती दर आवृत्तीला ओळीने ताडून बघते. एका पॅकेजला तिचे दोन रविवार गेले. आम्ही विचारलं, काही सापडलं का? म्हणाली, “नाही सर. आता निदान काय आहे ते वाचलेलं तरी आहे.”

आमच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे. सूची या वेळी आम्ही हाताने, एकेक पान उघडून तपासतो आहोत. ‘प’ पर्यंत आलो आहोत.